पहिला फेरफार

जॉन मॅकार्थर हा इंग्लंडातल्या प्लिमथ बंदरातल्या एका कापडवाल्याचा मुलगा. पुढं सिडनीत तो गब्बर झाला, गव्हर्नरांनाही जुमानेनासा झाला, तेव्हा वैरी त्याला मुद्दाम 'जॅक बॉडिस' म्हणायचे. बापाच्या दुकानात बायकांच्या चोळ्या विकल्या जायच्या, हे त्यानं विसरू नये म्हणून. सैन्यात होता, पण लढाई संपल्यामुळं अर्ध्या पगारावर घरी बसलेला. १७८८ साली त्यानं डेव्हनमधल्या एका शेतकऱ्याच्या मुलीशी, एलिझाबेथ व्हीलशी लग्न केलं. वर्षभरात मुलगा झाला. डोक्यावर कर्ज, अंगात रग आणि हाताशी काही नाही, अशा माणसांसाठी त्या काळी एक नवी जागा निघाली होती: न्यू साउथ वेल्स, इंग्रजांनी ऑस्ट्रेलियात काढलेली कैद्यांची वसाहत.

१७९० च्या जानेवारीत हे कुटुंब निघालं ते ज्या ताफ्यातून, त्यातले साधारण चौथा हिस्सा कैदी वाटेतच मेले. एलिझाबेथच्या खोलीच्या पलीकडं कैदी बायका कोंबलेल्या होत्या. मॅकार्थरचं कप्तानाशी निघायच्या आधीच द्वंद्वयुद्ध झालेलं. पुढं भर समुद्रात दोघं नवराबायको दुसऱ्या जहाजावर बदलून गेली. वाटेत एलिझाबेथला मुलगी झाली आणि गेली. अशा अवस्थेत ती जूनअखेरीस सिडनीला उतरली. या बाईविषयी मला नवऱ्यापेक्षा कितीतरी जास्त आदर आहे, आणि म्हणूनच तिच्या घराची गोष्ट सांगणं थोडं अवघडही जातं.

ते घर अजून उभं आहे. आम्ही राहतो तिथून लांब नाही. हॅरिस पार्क म्हणजे सिडनीतला आपल्या लोकांचा अड्डा. विग्रॅम स्ट्रीटवर संध्याकाळी चाट, डोसे, मिठाई, कढीपत्त्याच्या जुड्या आणि पार्किंगसाठी भांडणं. तिथून चालत रोजहिलच्या बाजूला गेलं की एलिझाबेथ फार्म लागतं. १७९३ साली बांधलेलं. ऑस्ट्रेलियात गोऱ्यांनी बांधलेली जी घरं टिकली त्यांतलं सगळ्यात जुनं. उतरतं छप्पर, पुढं खोल ओसरी, खाली दगडी फरशा. आता ते संग्रहालय आहे, पण दोरी बांधून ठेवलेली नाही. सामान नकला करून ठेवलंय, त्यामुळं खुर्चीवर बसा, कपाट उघडा, कोणी काही म्हणत नाही. पहिल्यांदा गेले तेव्हा मी जेवणाच्या टेबलाशी बसून घेतलं. पाहुणी म्हणून बसल्यासारखं वाटत होतं आणि यजमान कोण, हे मात्र कळत नव्हतं.

फेब्रुवारी १७९३ मध्ये प्रभारी गव्हर्नर फ्रान्सिस ग्रोज यानं मॅकार्थरला पॅरामॅटाजवळ शंभर एकर दिले. ग्रोज हा त्याच्याच पलटणीचा वरिष्ठ. फिरंगी कागदावर सगळं आहे: कोणाला दिली, किती दिली, कुठल्या अटींवर दिली. आपल्या गाव नमुना सहामधली फेरफाराची नोंद बघा. नंबर, तारीख, हक्क कशानं मिळाला, वारसानं की खरेदीनं की बक्षीसपत्रानं, आणि मुख्य म्हणजे कोणाकडून. माझा दादा बांधाच्या वादात कोर्टाच्या पायऱ्या झिजवून पक्का झालेला माणूस. तो फेरफार वाचतो ते शेवटून. आधी 'कोणाकडून', मग बाकीचं. मॅकार्थरच्या पहिल्या नोंदीत 'कोणाकडून' या रकान्यात इंग्लंडच्या राजाचं नाव आहे. राजाला कोणाकडून मिळाली, त्याचा फेरफारच नाही.

पॅरामॅटाची जमीन धारुग लोकांची. त्यांतल्या बुरामट्टागल कुळाच्या नावावरूनच गावाचं नाव पडलं. हे लोक कुठं पळून गेले नव्हते. नदीकाठी होते, वसाहतीत येत-जात होते, लढतही होते. पेमुलवुई नावाच्या त्यांच्या म्होरक्यानं १७९७ मध्ये पॅरामॅटाच्या गावात शिरून सैनिकांशी सामना दिला. १८०२ मध्ये त्याला गोळी घालून मारलं आणि मुंडकं दारूत बुडवून इंग्लंडला पाठवलं. त्याचा मुलगा टेडबरी पुढं मॅकार्थरच्या घरी ये-जा करायचा. १८०८ मध्ये मॅकार्थर आणि गव्हर्नर ब्लाय यांचं बिनसलं, तेव्हा हा पोरगा भाल्यांचा भारा घेऊन मॅकार्थरच्या दारात हजर झाला, गव्हर्नरला भोसकतो म्हणून. बापाचं मुंडकं कापणाऱ्या सरकारशी बापाच्या जमिनीवर बसलेला माणूस भांडतोय, तर आपण त्याची बाजू घ्यावी, असं त्याला का वाटलं असेल? घराण्यांच्या इतिहासात असले प्रश्न तळटीपेत जातात. मला तो तिथं ठेववत नाही.

मेंढ्यांची गोष्ट ऑस्ट्रेलियातल्या प्रत्येक शाळकरी पोराला ठाऊक आहे, पण तिचा पहिला भाग सहसा गाळला जातो. मॅकार्थरनं स्वतःच लिहून ठेवलंय की १७९४ मध्ये त्यानं कलकत्त्याहून आलेल्या साठ बंगाली मेंढ्या आणि कोकरं विकत घेतली. त्यांच्या अंगावर लोकर कमी नि केस जास्त. मग आयर्लंडच्या मेंढ्यांशी त्यांचा संकर केला, तर पिल्लांच्या अंगावर केस-लोकर मिसळलेली दिसली. तिथून त्याच्या डोक्यात लोकर शिरली. अस्सल स्पॅनिश मेरिनो त्यानंतर, १७९७ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतल्या केपहून आल्या. आणि त्या आणल्या दुसऱ्यांनीच, मॅकार्थरनं काही विकत घेतल्या.

१८०१ मध्ये यानं स्वतःच्याच कर्नलला द्वंद्वात जखमी केलं. गव्हर्नर किंगनं त्याला चौकशीसाठी इंग्लंडला धाडलं आणि याच्याविरुद्धची कागदपत्रंही धाडली. कागदपत्रांची पेटी वाटेत गायब झाली. मॅकार्थर मात्र लोकरीचे नमुने घेऊन सुखरूप पोचला. तेव्हा इंग्लंडची नेपोलियनशी जुंपलेली, स्पेनची लोकर मिळण्याची शाश्वती नाही, गिरण्यावाले हवालदिल. आरोपी म्हणून गेलेला माणूस वसाहत मंत्री लॉर्ड कॅम्डनकडून पाच हजार एकर उत्तम चराऊ जमिनीचा हुकूम घेऊन, वर राजाच्या कळपाच्या लिलावात घेतलेल्या मेरिनो घेऊन १८०५ मध्ये परतला. जागाही त्यानंच निवडली: सिडनीच्या नैर्ऋत्येला नेपियन नदीकाठचं काउपाश्चर्स. मंत्र्याच्या नावावरून मळ्याचं नाव कॅम्डन ठेवलं. उपकाराची फेड एवढीच, आणि बिनखर्चाची.

काउपाश्चर्सलाही स्वतःची एक वंशावळ आहे, ती गुरांची. १७८८ मध्ये पहिल्या ताफ्याबरोबर आणलेली थोडीशी गुरं राखणाऱ्याचा डोळा चुकवून रानात पसार झाली. वसाहत उपाशी, आणि गुरं बेपत्ता. सात वर्षांनी, १७९५ मध्ये, नदीपलीकडं त्यांचा मोठा कळप सापडला. नव्या देशातली सगळ्यात चांगली कुरणं गुरांनी आधी शोधली, माणसांनी मागून. त्या भागातल्या मूळच्या धारावाल लोकांनी तोवर ती गुरं पाहून घेतली होती. कॅम्पबेलटाउनजवळच्या एका खडकाच्या कपारीत त्यांनी ती काढली आहेत: कोळशाची जाड रेघ, भरभक्कम अंग, शिंगं नाहीत, आणि पायांचे दुभंगलेले खूर अगदी नीट दाखवलेले. कांगारूच्या देशातल्या माणसाला आधी खूरच दिसणार. ते चित्र एका अर्थी त्या जमिनीचा पहिला पंचनामा आहे: आमच्या हद्दीत असं असं जनावर आलं. आता तिथं लोखंडी गज बसवले आहेत, कारण मधल्या काळात टवाळांनी चित्रांवर रंगाचे फवारे मारून ठेवले.

१८०८ च्या २६ जानेवारीला सैन्यानं गव्हर्नर ब्लायला पदच्युत केलं. बंडाचं डोकं मॅकार्थर. त्याची शिक्षा म्हणजे त्याला १८०९ पासून १८१७ पर्यंत इंग्लंडात अडकून पडावं लागलं. परतला तर खटला ठरलेला. या आठ वर्षांत आणि त्याआधीच्या चार वर्षांत मळा चालवला तो एलिझाबेथनं. मेंढ्यांची निवड, कैदी मजुरांची कामं, लोकर धुऊन गाठोडी बांधून जहाजावर चढवणं, मुलींची आजारपणं, आणि नवऱ्याच्या लांबलचक सूचनापत्रांना उत्तरं. ऑस्ट्रेलियन लोकर व्यापाराचा जनक म्हणून १९६६ च्या दोन डॉलरच्या नोटेवर मेंढ्याशेजारी तोंड छापलं गेलं ते मात्र जॉनचं. १९८८ मध्ये ती नोट बंद झाली आणि जागी नाणं आलं; नाण्यावर एका आदिवासी वडीलधाऱ्याचा चेहरा आहे. दोन डॉलरपुरती का होईना, अदलाबदल झाली म्हणायची.

आणि याच काळात, एलिझाबेथ एकटीनं कॅम्डन सांभाळत असताना, १८१४ पासून दुष्काळ पडला. नेपियनकाठच्या शेतांवरचा मका आणि धारावाल-गुंडनगुरा लोकांची भूक समोरासमोर आली. दोन्ही बाजूंची माणसं मेली. मॅकार्थरांच्या मळ्यावरचे गुराखीही त्यात होते. शेवटी गव्हर्नर लाखलन मॅक्वारीनं एप्रिल १८१६ मध्ये तीन तुकड्या रवाना केल्या. हुकूम असा की सापडतील त्यांना कैद करा, पळतील-लढतील त्यांना गोळ्या घाला आणि प्रेतं झाडांना टांगा, म्हणजे बाकीच्यांना दहशत बसेल. वाटाड्या म्हणून घेतलेले बडबरी आणि बंडल हे दोघं त्यांना दिलेल्या घोंगड्यांसकट रात्रीतून निसटले. १७ एप्रिलच्या पहाटेपूर्वी कॅप्टन वॉलिसच्या तुकडीनं अ‍ॅपिनजवळ एका तळावर छापा घातला. अंधारात, पाठीमागं कॅटरॅक्ट नदीचा कडा. निदान चौदा जण मेले, काही गोळ्यांनी, काही कड्यावरून. त्यांत बायका होत्या, मुलं होती. कॅनाबायगल या प्रमुखाचं प्रेत टेकडीवर टांगलं. त्याची कवटी एडिंबरोला गेली, ती ऑस्ट्रेलियात परत आली १९९१ मध्ये.

या मॅक्वारीचं नाव सिडनीत रस्त्याला, विद्यापीठाला, कशालाही आहे. आपल्या माणसांना सहसा ठाऊक नसतं ते हे, की हा गृहस्थ त्याआधी मुंबईचा. १७८८ मध्ये पलटणीबरोबर मुंबईला आला, १७९३ मध्ये तिथंच जेन जार्व्हिसशी लग्न केलं. ती अँटिग्वातल्या गुलामांच्या मळ्यांची वारस. श्रीरंगपट्टणच्या स्वारीत तो होता. जेन मकावला क्षयानं गेली तेव्हा तिला मुंबईत आणून पुरलं. कोचीनच्या बाजारात त्यानं दोन लहान मुलगे विकत घेतले होते. त्यांतला एक, जॉर्ज जार्व्हिस असं नाव दिलेला, पुढं सिडनीतही त्याच्या चाकरीत होता. म्हणजे अ‍ॅपिनचा हुकूम निघाला त्या घरात आपल्याकडचा एक माणूस वावरत होता. त्याचं खरं नाव कुठंच नाही, मग वंशावळ दूरच.

मॅकार्थरांची वंशावळ मात्र एवढी नेटकी आहे की पुराणिकांनी हेवा करावा. म्हातारा जॉन १८३२ मध्ये वेडा ठरवला गेला. त्याआधी बायकोवर नाही नाही ते आळ घेऊन त्यानं तिला तिच्याच नावाच्या घरातून घालवलं. १८३४ मध्ये तो कॅम्डनला वारला, आणि तिथला प्रशस्त वाडा त्याच्या मागून पुरा झाला. तोवर इस्टेट वाढत वाढत सुमारे अठ्ठावीस हजार एकरांवर पोचत होती. थोरला एडवर्ड सेनापती होऊन सर झाला. जेम्स आणि विल्यम या धाकट्यांनी मळा, द्राक्षं, रोपवाटिका सांभाळली. विल्यमचं लग्न झालं नाही. जेम्सला एकच मुलगी, तिचंही नाव एलिझाबेथ. अठ्ठावीस हजार एकरांची वारसदार ही एकटी पोर.

तिनं लग्न केलं आर्थर ऑन्स्लो या नौदलातल्या अधिकाऱ्याशी. हा जन्मला तिरुचिरापल्लीत, बाप ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर. १८८२ मध्ये नवरा आणि काका दोघंही गेले. मग ही बाई मुलांना घेऊन इंग्लंडला गेली, दुधाचा धंदा शिकून आली, कॅम्डनला कुळांसाठी लोणी-दुधाच्या डेऱ्या काढल्या, आणि १८९२ मध्ये राजपरवाना काढून आडनाव करून घेतलं मॅकार्थर-ऑन्स्लो. माहेरची जमीन म्हणून माहेरचं आडनाव पुढं. १८९९ मध्ये तिनं इस्टेटीची खाजगी कंपनी केली, पोरांना भाग दिले, म्हणजे जमिनीचे तुकडे न पडता वाटणी झाली. आपल्याकडं वाटण्यांत बांध इतके वाढतात की पेरायला जागा उरत नाही; या बाईची हुशारी बघून दादाला पत्र लिहावंसं वाटलं होतं. वाड्यात आजही वंशजच राहतात. वर्षातून एकदा लोकांसाठी उघडतात. घराण्याची पत्रं, हिशोब, रोजनिशा न्यू साउथ वेल्सच्या ग्रंथालयात कपाटंच्या कपाटं भरून आहेत.

आणि धारावालांची वंशावळ? ती सापडते घोंगड्यांच्या याद्यांत. १८२०-३० च्या दशकांत सरकार दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडावर आदिवासींना एकेक घोंगडी वाटायचं आणि कारकून नोंद करायचा: इंग्रजी नाव, स्वतःचं नाव, अंदाजे वय, बायका किती, मुलं किती, टोळी कुठली, वावर कुठं. रकाने आखलेले, शाई फिकी, नावं कारकुनाला ऐकू आली तशी. एकच माणूस तीन वर्षांत तीन स्पेलिंगांनी. ज्यांची जमीन काढून घेतली त्यांना सरकारनं घोंगडी दिली आणि पोच घेतली. आज त्यांचे वंशज पणजोबा-खापरपणजीचा माग काढायला याच याद्यांवर बोट फिरवतात. वाईट एवढंच नाही. हक्क मागायला गेलं तर कोर्ट विचारतं, तुम्ही त्याच लोकांचे, आणि त्या जमिनीशी तुमचा संबंध तुटलेला नाही, याचा पुरावा काय?

पुरावा मागण्यावरून एक आठवतं. १८५२ मध्ये याच इंग्रजांनी मुंबई इलाख्यात इनाम कमिशनला कायद्याचं बळ दिलं. दख्खनभर इनामदारांना फर्मान सुटलं: मूळ सनद दाखवा. पिढ्यान्‌पिढ्या वहिवाट आहे, हे उत्तर चालेना. कागद वाळवीनं खाल्लेला, पुरात गेलेला, हजारो इनामं जप्त. बरं, पेशव्यांच्या इनामात बहुधा साऱ्याचा हक्क जायचा. कसणारं कूळ जागच्या जागी राहायचं. पुण्यात सनद दाखव म्हणणारं राज्य सिडनीत स्वतःकडं सनद नसताना वाटप करत होतं, आणि तिथं कसणारा-राहणारा जणू नव्हताच. १८३५ मध्ये जॉन बॅटमन नावाच्या एकानं पोर्ट फिलिपला, म्हणजे आजच्या मेलबर्नला, तिथल्या वडीलधाऱ्यांशी करार केला: घोंगड्या, सुऱ्या, पीठ द्यायचं आणि लाखो एकर घ्यायचे. लबाडीच होती ती. पण 'कोणाकडून' हा रकाना भरायचा तो एक प्रयत्न होता, आणि गव्हर्नर बर्कनं जाहीरनामा काढून तो रद्द केला. लबाडीमुळं नव्हे, जमीन द्यायचा अधिकार फक्त राजाचा म्हणून. त्या लोकांना विकायचा हक्क आहे असं एकदा मानलं असतं, तर मॅकार्थरपासूनचे सगळे फेरफार लटपटले असते.

हे इथलंच पाप असं म्हणून मोकळं होता येत नाही. रायगडच्या डोंगरात वनहक्काचा दावा टाकणाऱ्या कातकऱ्यालाही २००६ च्या कायद्याखाली पुरावे गोळा करत फिरावंच लागतं. जंगल खात्याला ते जंगल कोणाकडून मिळालं, हे त्या फॉर्मात कोणी विचारत नाही.

१९९२ च्या ३ जूनला ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयानं मेबो खटल्यात मान्य केलं की जमीन कधीच बेवारस नव्हती. मोठा निकाल. पण त्यातच हेही आहे की सरकारनं जिथं पूर्ण मालकीनं जमीन देऊन टाकली तिथं मूळ हक्क संपला. म्हणजे १७९३ आणि १८०५ च्या नोंदी पक्क्या. उरलेल्या सरकारी पडीक जागांवर आदिवासी भूमी परिषदा दावे लावतात, काही मिळतात.

माझ्या भाच्यानं यंदा कॅम्डनच्या बाजूला प्लॉट घेतला. त्या सगळ्या पट्ट्याला सरकारी भाषेत मॅकार्थर विभागच म्हणतात. आपली खूप मंडळी तिकडं सरकलीत. अ‍ॅपिनकडंही हजारो घरांची योजना आहे, आणि हत्याकांडाचा परिसर २०२२ मध्ये वारसायादीत गेल्यापासून कुठवर बांधायचं याची ओढाताण चालू आहे. भाच्यानं मला मालकीहक्काचा उतारा दाखवला. एक पान. वर प्लॉट नंबर, मग त्याचं आणि बायकोचं नाव, आणि खाली दुसऱ्या परिशिष्टात पहिलीच ओळ: मूळ राजदानातल्या अटी आणि राखीव हक्क लागू. बँकेचं कर्ज त्याच्याही खाली. दोनशे वर्षं, एवढे हात बदलले, तरी राजा त्या कागदावर पहिल्या नंबरावर बसून आहे.

उतारा त्यानं दादाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. दादाचा तासाभरात फोन.

"सर्च किती सालापर्यंत काढलाय?"

"अण्णा, इथं सर्च लागत नाही. सरकारच मालकीची हमी देतं."

"हमी देतंय ते ठीक. सरकारला कुठनं मिळाली?"

भाच्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, विचार की वकीलबाईंना. त्यानं खरंच मेल टाकला. उत्तर आलं ते सभ्य होतं: हा प्रश्न ठरलेल्या फीच्या कामात येत नाही, सेटलमेंट पंधरा तारखेला आहे, विम्याची प्रत तेवढी पाठवावी.